तीन कोरे कागद

आत्याच्या खोलीत खिडकीशेजारच्या भिंतीवर तीन कोरे कागद काचेच्या चौकटीत लावलेले आहेत. पहिल्यांदा येणारा माणूस ते जवळ जाऊन बघतो, मागे सरकून बघतो, आणि मग आत्याकडे बघतो. ती म्हणते, "वडिलांची पत्रं आहेत." त्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. आत्या पुढे काही सांगत नाही. ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं तो पुन्हा विचारतो, असं तिचं मत आहे.

कागद अगदीच कोरे नाहीत. प्रत्येकाच्या वरच्या कडेला बारीक छापील ओळ आहे. माझ्या बाबांच्या जुन्या ऑफिसचं नाव, तारीख आणि वेळ. पहिल्या कागदावर आठ वाजून सतरा मिनिटं, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावरही आठ. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तरच दिसतील असे, दोन-तीन करडे ठिपके.

आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. छपाईची मोठी यंत्रं बसवायची, जुळवायची, बिघडली तर उघडून पुन्हा उभी करायची, हे तिचं काम. कंपनीत तिला 'पानेवाली' म्हणत. आधी चिडवायला म्हणत, कारण कमरेच्या पट्ट्याला सहा मापांचे पाने लटकवून फिरणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पुढे यंत्र अडलं की तेच लोक "पानेवालीला बोलवा" म्हणू लागले. नाव तेच राहिलं, फक्त म्हणण्याचा सूर बदलला.

हात तिला आजोबांकडून आले. आजोबा घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. दुकानाला एक शटर, एक टेबल, टेबलावर काचेच्या झाकणांखाली उघडी पडलेली घड्याळं. साठीनंतर त्यांचे कान मंदावले आणि सत्तरीला पार मिटले. गिऱ्हाइकं पाटीवर लिहून विचारत, ऐकू येत नाही तर टिकटिक कशी कळते? आजोबा घड्याळ पुढच्या दातांमध्ये अलगद धरत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने सांगत, "पाचवा ठोका लंगडतोय." बोलताना आवाज मोठा होई. आपला आवाज त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे खासगी गोष्टही ते भाषण दिल्यासारखी सांगत.

आत्याने लग्न केलं नव्हतं. ती आणि आजोबा त्या दोन खोल्यांत राहत. बाबा आईसोबत शहराच्या नव्या भागात, चौथ्या मजल्यावर राहत होते. माझा तेव्हा पत्ताही नव्हता. ही सगळी गोष्ट मला आत्या, बाबा आणि आई या तिघांकडून तीन तऱ्हांनी कळली आहे, आणि तिन्ही तऱ्हा जिथे जुळतात तेवढीच मी लिहिते आहे.

आत्या चौतिशीची असताना कंपनीने तिला परदेशी पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका छापखान्याने चार रंगांचं यंत्र विकत घेतलं होतं. ते सहा आठवड्यांत बसवून, चालवून, तिथल्या लोकांना शिकवून यायचं. त्या कामावर तोवर बाई गेली नव्हती. साहेब म्हणाले, "घरची अडचण असेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्याला पाठवतो." आत्या म्हणाली, "अडचण सगळ्यांच्याच घरी असते. तुम्ही तिकीट काढा."

घरी मात्र तिकिटाचं नाव काढताच बाबा उभे राहिले.

"आणि अप्पांचं काय? गेल्या महिन्यात दूध करपून भांड्याचा कोळसा झाला. धूर बघून शेजारच्या शिंपीणकाकू धावत आल्या म्हणून बरं."

"दूध तुझ्याकडेही करपतं दादा. तुला तर ऐकू येतं."

"चिमणे, विषय हसण्यावारी नेऊ नकोस. चौऱ्याहत्तर वर्षांचा बहिरा माणूस. एकटा. सहा आठवडे! मी त्यांना माझ्याकडे नेतो. दुकान बंद. नाहीतरी आता कोण घड्याळं दुरुस्त करून घेतं? नवीन घेतात."

"आणि मी परत आल्यावर?"

"आल्यावर बघू."

'आल्यावर बघू' म्हणजे काय, ते आत्याला चांगलं ठाऊक होतं. बाबा वाईट नव्हते, नाहीत. पण त्यांची काळजी एकदा कुलूप लावायला निघाली की किल्ली ठेवायला विसरते.

आजोबा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. "माझं काय ठरवताय?" ते गरजले. आत्याने पाटीवर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, पाटी पुसली आणि बाबांना सांगितलं, "मी पार्सल नाही."

भांडण दोन दिवस चाललं. शेवटी आत्याने अट मान्य केली. आजोबांशी रोज बोलणं होईल, ती तिथे आणि ते इथे. बाबा म्हणाले, एक दिवस जरी खबर चुकली तरी मी त्यांना नेणार. आत्या म्हणाली, एक दिवस लाइनही बंद असते. घासाघीस होऊन तीन दिवसांवर ठरलं. सलग तीन दिवस आजोबांची खबर आली नाही, तर येणाऱ्या रविवारी बाबा त्यांना घेऊन जातील आणि दुकानाचं शटर कायमचं खाली ओढतील. आत्याने मधे यायचं नाही.

"शब्द?" बाबांनी विचारलं.

"शब्द," आत्या म्हणाली.

आता बोलणं व्हायचं कसं? फोनवर आजोबांना बोलता येई, ऐकता येत नसे. पूर्वी आत्या कामासाठी दुसऱ्या गावी गेली की शिंपीणकाकू त्यांच्या हातात फोन देत. आजोबा म्हणत, "मी बरा आहे. तू बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. ठेवतो." आणि ठेवून देत. नंतर तेवढंही बंद केलं. "भिंतीशी बोलायला मला वेड लागलंय का?" शिवाय परदेशात फोन लागला की नाही, कुणी उचलला की नाही, हेही त्यांना कळलं नसतं.

म्हणून फॅक्स. आत्याने एका बंद होणाऱ्या ऑफिसातून जुनं मशीन आणलं. ते चालत नव्हतं. आजोबांनी भिंग डोळ्याला लावून ते उघडलं, दोन दिवसांनी मिटलं आणि म्हणाले, "घड्याळापेक्षा चाकं कमी आहेत." मशीन दुकानाच्या टेबलाशेजारी, त्यांच्या डोळ्यांसमोर बसलं. कागद आला की दिसणारच. लिहिलेला कागद पालथा घालायचा, अक्षरं खाली, पाठ वर. दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनीच आत्याला दाखवलं.

वेळ ठरली संध्याकाळी आठची. आजोबा आठला दुकान बंद करत. तेव्हा आत्याकडे दुपारचे चार वाजलेले असत आणि ती छापखान्यातच असे.

तिथल्या छापखान्यातला फोरमन उंच, फिकट, थोडं बोलणारा माणूस होता. पहिल्या दिवशी त्याने आत्याच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "साहेब कधी येणार?"

"आले की," आत्या म्हणाली आणि पट्टा कमरेला बांधला.

तीन आठवडे ठीक गेले. यंत्राचे चार मनोरे, प्रत्येक रंगाचा एक, उभे राहिले, त्यांत शाईचे रोळ बसले. सुट्टी सोडून रोज दुपारी चारला ऑफिसातलं फॅक्स मशीन घरघरे आणि आजोबांचं एक पान बाहेर येई. ताठ, घोटीव अक्षर, जाड काळी शाई. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सहीऐवजी एक छोटं घड्याळ काढलेलं. त्याचे दोन काटे ते पुन्हा पुन्हा गिरवून काळेकुळकुळीत करत. पान संपवलं ती वेळ त्या घड्याळात असे.

'आज एका बाईंनी नवऱ्याचं घड्याळ आणलं. तो घरी वेळेवर येत नाही, तपासून द्या म्हणाल्या. घड्याळात दोष नाही असं लेखी दिलं.'

'दादा रविवारी येऊन गेला. स्वयंपाकघरात तीनदा डोकावला. दूध त्याच्यासमोर तापवलं. ते करपलं नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं.'

आत्या उलट लिही, 'अप्पा, इथे आधी सगळे माझ्या तोंडाकडे बघत. आता हाताकडे बघतात. पहिला मनोरा काल फिरला. फोरमन म्हणाला, आवाज बरोबर नाही. मी पाना यंत्राच्या अंगाला टेकवला आणि दुसरं टोक दातात धरलं. चौथा रोळ लंगडत होता.'

आजोबांनी ते पान शिंपीणकाकूंना वाचायला दिलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, लेक शहाणी की बाप, ते ठरवायला दात मोजावे लागतील.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, कागद कोरा आला.

आत्याने तो उलटून पाहिला. मागेही काही नाही. वर मात्र बाबांच्या ऑफिसचं नाव. आजोबांना दुकानातून हलवलं, तेही तिला न सांगता, असंच तिला वाटलं. कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात जाऊन तिने कार्ड घातलं आणि बाबांच्या घरचा नंबर लावला.

"अप्पांना तू ऑफिसात का नेलंस?"

"मी? कुठे? काय बडबडतेस?"

"फॅक्सवर तुझ्या ऑफिसचं नाव आहे!"

"अगं, मशीन बदललं. आमच्याकडे नवीन आलं, जुनं पडून होतं. म्हटलं अप्पांना देऊ, त्यांचं ते भंगार कधी मान टाकेल नेम नाही. आज दुपारी नेऊन लावलं. त्यातलं नाव कोण बदलत बसणार? चालतंय उत्तम. तुझं पान माझ्यासमोर आलं, मोत्यासारखं."

इथेच फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण आत्याच्या तोंडून निघून गेलं, "मग त्यांचं पान कोरं का आलं?"

मग बाबांचा आवाज बदलला. "कोरं?"

"काहीतरी अडकलं असेल."

"मशीन चांगलं आहे. मी सांगतोय ना. कोरं पाठवलं त्यांनी?" मग जरा थांबून, "चिमणे, आज मी गेलो तेव्हाही ते कुठेतरी बघत बसले होते. मी कागद कसा घालायचा ते खुणेने सांगत होतो, तर म्हणाले, मला शिकवू नकोस."

"ते तुला नेहमीच तसं म्हणतात."

"हा एक दिवस झाला," बाबा म्हणाले. "मोजतोय मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोक्यातून बाहेर आल्यावर आत्याने स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. पण कार्डातली मिनिटं आणि तोंडातले शब्द दोन्ही परत येत नाहीत.

गुरुवारी तिने आजोबांना लिहिलं, 'अप्पा, पान कोरं आलं. पुन्हा पाठवा.' आजोबांनी पुन्हा पाठवलं. कोरं. रात्री बाबांनी फोन करून विचारलं, तिने खरं ते सांगितलं. शुक्रवारी दुपारी चारला ती मशीनपाशी उभी होती. घरघर झाली, कागद सरकत बाहेर आला. पांढरा. पूर्ण पांढरा. तो शेवटपर्यंत बाहेर पडेस्तोवर ती बघत राहिली. शेवटच्या दोन बोटांत तरी एखादी ओळ असेल म्हणून.

रात्रीपर्यंत थांबायची गरज नव्हती. पाचच मिनिटांत छापखान्याचा फोन वाजला. बाबाच होते.

"आलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण शब्द दिलेला होता, आणि तो दोन्ही बाजूंनी होता.

"कोरं आलं," ती म्हणाली.

"मग रविवारी अकरा वाजता मी नेतो त्यांना. तू कामं टाकून येऊ नकोस. नीट सांभाळीन. पण तो माणूस आता एकटा राहण्यातला नाही. कोरे कागद पाठवतोय तो, चिमणे. कोरे!" आई सांगते, फोन ठेवून ते बराच वेळ पायपुसण्यावर उभे होते.

तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी आत्याला विचारलं, तुला घरी जायचंय का, विमानाचं बघू का? आत्या म्हणाली, "नाही." मग तिने तिन्ही कागद उचलले आणि खाली यंत्राकडे गेली.

छापखान्यात काचेचं टेबल असतं. खालून दिवा, वर कागद. चार रंग एकमेकांवर तंतोतंत बसलेत का, ते त्यावर तपासतात. आत्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, दिवा लावला आणि छापून आलेला माल तपासावा तसे बघायला लागली. वडिलांची काळजी बाजूला ठेवली आणि कागद बघितला, असं ती म्हणते. मला वाटतं तिने काळजीच तपासली.

आधी वरची ओळ. बुधवारी आठ सतरा, गुरुवारी आठ, शुक्रवारी आठ. आजोबा आठ वाजता म्हणजे आठलाच पाठवणार, त्यात वाद नाही. म्हणजे बाबांच्या ऑफिसचं मशीन सतरा मिनिटं पुढे होतं आणि गुरुवारपर्यंत कुणीतरी त्याचं घड्याळ लावलं होतं. असं मशीन, ज्याची बटणं आजोबांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"डोकं फिरलेला माणूस," ती फोरमनला म्हणाली, तिच्या भाषेत, त्याला कळणार नाही हे ठाऊक असून, "सतरा मिनिटांची चूक सहन न होऊन नवीन मशीन उघडतो का?"

फोरमन टेबलापाशी आला. खाली डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर त्याने बोट ठेवलं. तिन्ही कागदांवर, साधारण त्याच जागी.

आत्याने बॅगेतून आधीच्या आठवड्याचं एक पान आणलं. उजवीकडे खाली घड्याळ, काळेकुळकुळीत काटे. तिने ते पान पालथं केलं आणि कोऱ्या कागदाशेजारी ठेवलं. उजवा कोपरा डावीकडे गेला. काटे होते तिथेच ठिपके होते. इतकी शाई गिरवल्यावर ती पातळ कागदाच्या पाठीवर उमटणारच. मशीनने ती पाठ वाचली होती. जुन्या मशीनला अक्षरं खाली लागत, नव्याला वर. आजोबा जुन्या सवयीने रोज पूर्ण पान लिहीत होते, काटे गिरवत होते आणि पालथं घालत होते. छपाईच्या धंद्यात कागद उलटा लावणं ही पहिल्या दिवसाची चूक. नवीन माणसाला तिच्यावरून तिने स्वतः झापलं होतं.

ती हसली की रडली ते मी विचारलं. "दिवा बंद केला," ती म्हणाली.

तिने तेव्हाच वर जाऊन लिहिलं, 'अप्पा, नवीन मशीनमध्ये कागद उताणा घाला. अक्षरं वर. दादा रविवारी अकराला तुम्हाला न्यायला येणार आहे. त्याआधी एक ओळ पाठवा. मी मशीनपाशी उभी आहे.' पान गेलं. पण तोवर आजोबा शटर ओढून मागच्या खोलीत गेले होते. ते पान त्यांना शनिवारी सकाळी दिसणार. आणि छापखाना शनिवार-रविवार बंद, फॅक्स मशीनची वीजही बंद.

आत्याने घरी फोन लावला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठिपके? तू ठिपक्यांवरून सांगतेस?"

"तू फक्त दुकानात जा. अप्पा पाठवलेली पानं तारेला टोचून ठेवतात, ती बघ."

"रविवारी जाणारच आहे."

"दादा, आधी बघ, मग ठरव."

"तीन दिवस, चिमणे. तूच घासाघीस करून तीन केलेस." आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ती इंटरनेटच्या दुकानात गेली. अर्ध्या तासाचे पैसे भरून संगणकासमोर बसली. आई तेव्हा तिकिटं काढून देणाऱ्या एका ऑफिसात होती आणि तिथे ई-मेल होता. तिथल्या कळफलकावर दोन अक्षरांची अदलाबदल होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी आधीच वाकडं, त्यात ही भर. आईने तो मेल वाचून आधी मैत्रिणीला विचारलं, ही कुठली भाषा असावी? मग हळूहळू समजलं. शेवटची ओळ होती, 'वहिनी, मी येणार नाही. काम पुरं करूनच येईन. अप्पाही येणार नाहीत. दादाला सांग.'

आईने कागदावर काढून घरी नेलं. बाबा म्हणाले, "मेलमध्ये काय, कुणी काहीही लिहील."

"आणि कोऱ्या कागदात काय, कुणी काहीही वाचेल," आई म्हणाली.

तिकडे आत्या फोरमनच्या घरी गेली. पत्ता ऑफिसातल्या बाईंनी दिला होता. फोरमन बागेत कुंपण रंगवत होता. तिने सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता छापखाना उघडून हवाय. त्याने नियम सांगितला. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा नियम सांगितला. मग ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, साहेब कधी येणार. साहेब आले आहेत. ते म्हणतात, दार उघडा."

फोरमनने ब्रश डब्यात ठेवला. "सात," तो म्हणाला.

रविवारी सातला ती मशीनपाशी उभी होती. आमच्याकडे अकरा वाजले होते. अकराला काही आलं नाही. अकरा वाजून दोन मिनिटांनीही नाही. फोरमनने दोन कप कॉफी आणली आणि एक तिच्या हातात दिला. तिने तो तसाच धरून ठेवला.

त्याच वेळी आमच्याकडे बाबा दोन रिकाम्या बॅगा घेऊन आईसोबत दुकानासमोर उभे होते. शटर आतून बंद. त्यांनी शटर वाजवलं. मग मुठीने वाजवलं. मग "अप्पा! अहो अप्पा!" असा आवाज चढवला. गल्लीतले चार लोक थांबले. शिंपीणकाकू बाहेर आल्या.

आई म्हणाली, "बहिऱ्या माणसाच्या दाराशी इतक्या जोरात ओरडताय. तुमच्या दोघांत शहाणा कोण?"

काकू म्हणाल्या, "सकाळी दूध घेतलं त्यांनी. तापवलंही. मी बघितलं."

"मग उघडत का नाहीत?"

"बोलावलंय का त्यांनी तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

बाबांनी शटर हातांनी हलवलं. लोखंड खडखडत राहिलं.

आणि तिथे, परक्या देशात, मशीन घरघरलं. वरची कडा आली, बाबांच्या ऑफिसचं नाव, वेळ. त्याखाली अक्षरं.

'अक्षरं वर हे कळलं. काल तुझं मशीन लागलं नाही. मशीनवर चित्र आहे, पण ते पुसट झालंय. तीन दिवस पूर्ण पानं लिहिली होती. तुझ्या वाट्याला आली नाहीत. ती तारेला आहेत, आल्यावर वाच. दादा बाहेर आला आहे. शटर थरथरतंय ते टेबलावर हाताला कळतं. हाकाही मारत असेल. मारू दे. एका घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग बसवतोय, ती बसल्याशिवाय उठता येत नाही. मी कुठेही जाणार नाही. तूही येऊ नकोस. काम पुरं कर.'

उजवीकडे खाली घड्याळ. अकरा वाजून पाच मिनिटं.

आत्याने ते पान फोरमनला दाखवलं. त्याला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्याने घड्याळाकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळातला मिनिटकाटा बघितला आणि मान डोलावली.

आजोबांनी शटर उघडलं ते अकरा वाजून दहा मिनिटांनी. बाबा आत शिरले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आजोबांनी पानं टोचलेली तार त्यांच्यासमोर सरकवली. तीन पानं, तीन घड्याळं. सगळ्यांत खालच्या, बुधवारच्या पानावर लिहिलं होतं: 'दादाने नवीन मशीन आणलं. काळजी करतो. त्याला सांगू नकोस, पण जुनं बरं होतं.'

बाबा स्टुलावर बसले. बॅगा दारातच राहिल्या. काही वेळाने त्यांनी आजोबांकडे पेन मागितलं.

आत्या अजून मशीनपाशीच होती. साडेसातला दुसरं पान आलं. बाबांच्या अक्षरात एकच ओळ: 'कागद मीच पालथा पाडला. दुकान चालू राहील. हे मशीन घेऊन जाऊ का?' त्याखाली आजोबांच्या ताठ अक्षरात: 'नाही. आता वेळ बरोबर दाखवतं.'

आत्याने उत्तर दिलं, 'कळलं. यंत्र सोमवारी चालू होतंय. बाकीचं उद्या आठ वाजता.'

ती ठरल्या दिवशीच परत आली, एक दिवसही आधी नाही. यंत्र चालत होतं. फोरमनने निरोप देताना तिला तीन कोरे कागद नीट गुंडाळून दिले. तिने ते टेबलावरच ठेवले होते.

आजोबांनी त्यानंतर सहा वर्षं दुकान चालवलं. शेवटचं घड्याळ दुरुस्त करून गिऱ्हाइकाला दिलं, त्या आठवड्यात गेले. शटर त्यांनी स्वतःच ओढलं होतं.

आत्या आता साठीची आहे. कंपनी सुटली, पण तिला अजून बोलावणी येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा निघतेय. काल बाबा तिला म्हणाले, "या वयात एकटी! निदान तिकडे फोन चालू ठेव. कुठे आहेस ते नकाशावर आम्हाला दिसत राहील असं काहीतरी असतं म्हणे. ते लाव."

आत्या पाने पुसून एकेक पट्ट्यात अडकवत होती.

"मी पार्सल नाही," ती म्हणाली. "आठ वाजता बोलेन."

बाबांनी भिंतीवरच्या तीन कागदांकडे बघितलं. मग कानातलं यंत्र काढून बोटाने पुसलं, पुन्हा बसवलं.

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले.